कापसाच्या खोलीतला तेस्फाये

तेस्फाये आमच्या आत्याच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा बसायच्या आधी त्यानं सतरंजीचं टोक उचललं आणि वाकून खाली बघितलं. आत्याला वाटलं, हा झडती घ्यायलाय. त्या वर्षांत आमच्या वस्तीला झडत्या नव्या नव्हत्या. नामांतराची पत्रकं शोधायला पोलीस यायचे आणि गोधड्यासुद्धा झटकून बघायचे. तिनं मला विचारलं, "ह्यो कोन आणलास रं? सरकारी हाय का?"

तेस्फाये वाकूनच म्हणाला, "न्हाई आत्या, मी इंचू बघायलेय."

आत्या पदर तोंडाला लावून हसत सुटली. चौकटीत डोकं लागेल एवढा उंच, दाढी राखलेला, परदेशी बाप्या, आणि बोलतो बाईवानी.

तो बाईसारखा बोलायचा कारण मराठी त्याला एका बाईनं शिकवली होती. घरमालकीण गयाबाई दिवसभर त्याच्या खोलीसमोर निवडत-पाखडत बसायची, आणि ती जे बोलेल ते हा जसंच्या तसं उचलायचा. "मी आले", "मी जेवले", "मी लय दमले." मी त्याला कितीदा सांगितलं. एक दिवस नीट बोलायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गल्लीतली पोरं फिदीफिदी हसायची. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. "समजलं ना तुला? मग झालं," म्हणायचा.

तेस्फाये इथिओपियाचा. ज्वारीवरच्या किडींचा अभ्यास करायला त्याच्या सरकारनं त्याला परभणीला धाडलेलं. त्यांच्याकडंही ज्वारी खातात, आणि त्यांच्या ज्वारीलाही खोडमाशी लागते. पण त्याचं स्वतःचं गाव पार डोंगराच्या माथ्यावर होतं. तिथं बारा महिने घोंगडी लागते, आणि बुटात विंचू, कौलात साप, कानाशी डास असलं काही नसतं म्हणे. असला माणूस मे महिन्यात परभणीच्या स्टेशनवर उतरला आणि कापसाच्या खोलीत राहायला गेला.

शेतात त्याला बघावं. ज्वारीच्या वाफ्यात उकिडवा बसून तो माशीची अंडी पानावरून सुईच्या टोकानं उचलायचा. हात हलायचा नाही. मुंगळे पायावर चढले तरी भान नसायचं. तोच माणूस खोलीत पाल दिसली की दारात येऊन उभा राहायचा, ती जाईपर्यंत. मी एकदा म्हणालो, "किड्याचा मास्तर तू, अन् पालीला भेतो?" तर शांतपणे म्हणाला, "शेतात मी त्यांच्या घरी जाते. इथं ते माझ्या घरी येतात. इचारत न्हाईत."

म्हणून त्यानं बंदोबस्त केला होता. बाजेचे चारी पाय पाणी भरलेल्या डब्यांत, पाण्यावर रॉकेलचा तवंग. मच्छरदाणी अशी खोचलेली की आत शिरायचं म्हणजे कसरत. कपडे दोरीवर, कारण खुंटीमागं शंभर पायांची घोण निघाली होती. बूट घालायच्या आधी उंबऱ्यावर आपटायचे, उलटे धरायचे, आत बघायचं, पुन्हा आपटायचे. परक्याच्या घरी गेला तरी अंथरूण उचलून बघितल्याशिवाय बसायचा नाही. पुष्कळांना तो अपमान वाटायचा.

आमची गाठ पडली बसस्टँडमागच्या टायपिंगच्या दुकानात. तिथं सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं आणि दुकानदार आमची पत्रकं भीत भीत का होईना काढून द्यायचा. मी शाईत कोपरापर्यंत बरबटलेला. हा त्याचा अहवाल टाइप करून घ्यायला आलेला. त्यानं वाळत घातलेलं पत्रक बघून विचारलं, काय लिहिलंय. मी सांगितलं. मराठवाड्यातल्या विद्यापीठाला नाव द्यायची मागणी आहे, सभागृहानं ठराव केला आणि त्याच महिन्यात आमच्या वस्त्या जाळल्या गेल्या. ताडकळसकडचं आमचं घरही त्यातच गेलं, तेव्हापासून आम्ही आत्याकडं आहोत.

"एका नावासाठी?" तो म्हणाला.

मी चिडलो. म्हणालो, त्यांना विचार, एका नावासाठी त्यांनी काडी का लावली.

तो पुन्हा पत्रकाकडं वळला. मग म्हणाला, "आमच्याकडं राजा गेला, सगळ्या पाट्या बदलल्या. रस्त्याचं नाव बदललं, शाळेचं बदललं. मारणारे तेच राहिले." आणि मग, "पण पाटी कुणाची हे मरणाऱ्यानं इचारलं तर ते बरोबर हाय."

हे बोलणं मला पटलंही आणि नाहीही. पण त्या दिवसापासून आम्ही भेटायला लागलो.

आता त्या खोलीचं सांगतो, कारण पुढचं बरंच तिथंच घडलं.

गयाबाईचा नवरा किशनराव हा गावाकडं भरपूर जमीन असलेला शेतकरी. परभणीत त्याचं घर होतं आणि घराला लागून बाहेरच्या बाजूला एक पत्र्याची खोली. पूर्वी तिच्यात कापूस आणि सरकी भरायचे. ती खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळल्यावर, तेस्फायेच्या आधी वर्षभर, मी ती मागायला गेलो होतो. किशनरावानं मला ओसरीखाली उभं ठेवलं. नाव विचारलं, आडनाव विचारलं, गाव विचारलं. मग विचारलं, "गावात कोन्या अंगाला?" मी सांगितलं. तो म्हणाला, "खोली बोललेली हाय." ती बोललेली खोली पुढचा पावसाळा आणि हिवाळा रिकामी पडून होती. येताजाता कुलूप मला दिसायचं.

मग तेस्फाये आला. त्यालाही ओसरीसमोर उभं करून विचारणं झालं. त्याचं नाव किशनरावाला उच्चारता येईना. देश कळेना. कुणीतरी नकाशातलं सांगितलं तेव्हा म्हणाला, "म्हंजी हबशी. आमच्या वडलाच्या काळी निजामाच्या फौजेत असायचे. इमानी लोक." मग खरा प्रश्न आला, "तुमच्यात बाप काय करतो?"

"शेती," तेस्फाये म्हणाला. "बैल हायत."

"सोताची जमीन?"

"सोताची."

"मंग झालं की. आपल्यातलेच म्हनायचे."

हा किस्सा मला तेस्फायेनंच सांगितला, आणि हसत सांगितला. बैल असले की जात जुळते हे त्याला फार गमतीचं वाटलं होतं. मी हसलो नाही. त्याला मी माझं सांगितलं. त्याच ओसरीसमोर मी उभा होतो, माझ्या बापाकडं बैल नव्हते. तो हसायचा थांबला. "मग मी तुझ्या खोलीत राहायलेय," म्हणाला.

गयाबाईचा त्याच्यावर जीव जडला होता. त्याचं एक कारण म्हणजे त्याचे उपास. त्यांच्या धर्मात बुधवारी आणि शुक्रवारी दूध-तूप-मांस काही चालत नाही. गयाबाई शेजारणींना सांगायची, "लेकरू बुधवार-शुक्रवार कडक पाळतंय, आपल्या पोरांनी शिकावं." दुसरं कारण विंचू. पाऊस लागू नये म्हणून कडबा आत ओढताना तो गयाबाईला हात लावू लागला आणि पेंढीतल्या विंचवानं त्याच्या बोटाला डंख मारला. तांबडा विंचू. किशनराव मांत्रिकाला घेऊन आला. तेस्फायेनं मांत्रिकाला फुंकू दिलं, मग दवाखान्यातही गेला. मी त्याला फैलावर घेतलं. शिकलेला माणूस मांत्रिकापुढं हात कसा धरतो? तो म्हणाला, "त्यानं फुंकलं तेव्हा पण दुखलं, डॉक्टरनं सुई मारली तेव्हा पण दुखलं. पण काकू रडत होती. फुंकल्यावर ती रडायची थांबली." गयाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला लहान मुलासारखं थोपटलं होतं. तो हे सांगताना नेहमी जरा खाली बघायचा. त्याची आई तो निघाला त्याच वर्षी वारली होती.

हे सगळं मी लिहितोय कारण गयाबाई वाईट बाई होती असं कुणी समजू नये. तसं असतं तर सोपं झालं असतं.

मी त्याच्या खोलीत जायला लागलो. पहिल्या दिवशी मी दारातच थांबलो. तेस्फायेनं माठातलं पाणी पेल्यात घेऊन माझ्या हातात दिलं, आणि मी ते तिथंच, उघड्या दारात, ओसरीवरून दिसेल असं प्यायलो. ओसरीवर गयाबाई गहू निवडत होती. तिनं वर बघितलं, सूप उचललं आणि आत गेली. पुढं मी येताजाता ती आत जायची, एवढंच. तेस्फायेच्या ते लक्षात आलं नाही. त्याला वाटायचं, काकूला उन्हाचा त्रास होतो.

त्या सालच्या पेरणीनंतर उंदीर वाढले.

खोलीत उंदीर पूर्वीही होते, सरकीच्या वासानं यायचे. पण हे वेगळे होते. त्याचा साबण खाल्ला, पट्टा कुरतडला, मच्छरदाणीला भोकं पाडली. एका घुशीनं भिंतीखालून सरळ बाजेच्या मधोमध बीळ काढलं. तेस्फायेनं पिंजरे लावले, काचा ठेचून बिळात भरल्या. आत्यानं सांगितलं म्हणून मिरचीची धुरी दिली आणि स्वतःच खोकत बाहेर आला. उंदीर तसेच. त्याचे डोळे झोपेविना लाल झाले होते. ज्वारीची रोपं तेव्हा बोटभर वर आली होती आणि खोडमाशीचा जोर त्याच वेळी असतो. त्याचं सगळं शिक्षण त्या एका हंगामावर टांगलेलं. हंगाम हुकला तर सरकार परत बोलावणार, आणि परत जायचं म्हणजे त्यांच्याकडच्या लढाईत जायचं. वसतिगृहात जागा नव्हती. दुसरी खोली त्यानं हुडकून बघितली होती. बैलांचं ऐकून खोली देणारा दुसरा किशनराव परभणीत भेटला नाही.

मी एकदा बाजेखाली वाकून बघितलं तर मागं पत्र्याचा तुपाचा मोठा डबा, वर जड पाटा. वास असा की डोळ्यांत पाणी आलं.

"हे काय?"

"औषध. फवारणीचं," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून त्याला खोटं रेटवेना. "मासे."

खोडमाशीला मासळीचा वास ओढतो. सुके मासे कुटून, पाण्यात भिजवून, सापळ्यात ठेवायचे आणि ते वाफ्यात लावायचे. किती माशी आली ते मोजायचं. हे त्याचं काम. आधी तो डबा शेतावरच्या छपरात ठेवायचा, पण तिथं मुंगूस आणि कुत्री झाकण उलथून खायची. म्हणून खोलीत आणला. आणि किशनराव तर माळकरी. त्याच्या गल्लीत श्रावणात कांदासुद्धा शिजत नाही. तेव्हा तेस्फायेनं गयाबाईला सांगितलं, काकू, हे पिकावरचं औषध आहे, वास घेऊ नका, विषारी आहे. गयाबाईनं विश्वास ठेवला आणि रोज उदबत्ती लावून त्याच्या दारात ठेवायला लागली.

"उंदीर कशानं आले हे तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी किड्यांचा मास्तर हाय," तो म्हणाला. "माहीत होतं."

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई त्याची खोली झाडायला आत गेली आणि ट्रंकेच्या मागं फणा काढलेला नाग दिसला. ती किंचाळली नाही. हात जोडून मागं मागं सरत बाहेर आली आणि ओसरीवर बसली. मग गल्ली जमली. मी पत्रकं घेऊन तिथं पोचलो तेव्हा खोलीचं दार उघडं होतं, समोर दुधाची वाटी ठेवलेली, आणि तेस्फाये रस्त्याच्या पलीकडं अनवाणी उभा होता. बूट खोलीत राहिले होते.

नाग मारायचं कुणाच्या मनात नव्हतं. घरातला नाग म्हणजे वास्तूचा राखणदार. तो असतो, फक्त दिसत नाही. तो दिसला म्हणजे त्याला काहीतरी खुपलं. शेजारचा एक म्हातारा हे सगळं समजावून सांगत होता आणि लोक माना हलवत होते.

"आजपातूर कदी दिसला का?" म्हातारा म्हणाला.

"न्हाई," किशनराव म्हणाला.

"मंग आताच का दिसावा? खोलीत कोन यायलंय?"

कुणीतरी माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनी बघितलं. "ते नामांतरवालं पोरगं यायलंय की. पानी बी पेतंय तिथं." हे कोण बोललं मला कळलं नाही. पण आवाज बाईचा होता.

किशनराव रागीट माणूस नव्हता. तो रस्ता ओलांडून तेस्फायेजवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तुमी र्‍हावा. तुमचं काय न्हाई. खोली धुऊन घेतो, पूजा घालतो. फक्त त्याला येऊ देऊ नका. बाहीर भेटा, हाटेलात भेटा. आमी कुटं न्हाई म्हनायलो?"

मी तेस्फायेच्या तोंडाकडं बघत होतो. माझ्या हातात पत्रकं होती आणि डोक्यात पुढचं पत्रक तयार होत होतं. परदेशी विद्यार्थ्याची साक्ष, खाली त्याची सही. मी त्याला म्हणालो, "बोल. सगळ्यांसमोर बोल."

तो चालत गेला, दुधाच्या वाटीला वळसा घालून त्या उघड्या खोलीत शिरला. ज्या माणसाला पाल चालत नव्हती तो अनवाणी आत गेला, नाग आत असताना. गयाबाई ओरडली, "तेसफाया, नगं रं." तो बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत तुपाचा डबा होता. त्यानं तो गल्लीच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं.

वास पसरला तशी माणसं नाकाला धोतर-पदर लावून मागं सरली.

"काकू," तो म्हणाला, "मी खोटं बोलले. हे औषध न्हाई. मासे हायत." कुणी हसलं नाही. "मासे माझे. माशाला उंदीर आले. उंदराला नाग आला. ह्याचं," त्यानं माझ्याकडं बोट केलं, "ह्याचं काय न्हाई. हा पाणी प्याला. पाण्याला नाग येत न्हाई."

असं स्वच्छ बोलणं मी आमच्या सभांतसुद्धा ऐकलेलं नाही. म्हाताऱ्यानं डब्यात वाकून बघितलं आणि मान हलवली. "बराबर हाय," म्हणाला. "उंदरालाच येतं जनावर." किशनरावही म्हणाला, "बराबर हाय." सगळ्यांना पटलं. मी शपथेवर सांगतो, त्या गल्लीतल्या एकूण एक माणसाला पटलं.

गयाबाई रडायला लागली होती. श्रावणात, माळकऱ्याच्या घरात, मासे. तिनं रोज उदबत्ती लावलेली. तेस्फाये तिच्यासमोर मान घालून उभा. आता आपल्याला हाकलणार हे त्यानं धरून चाललं होतं, आणि त्याची तयारी होती.

किशनरावानं माळेचा मणी चाचपला. मग म्हणाला, "झालं ते झालं. मासा काय, धुऊन निघतो. डबा शेतात न्या. गोमूत्र शिंपडू. तुमी लेकरावानी हावात, र्‍हावा." आणि त्याच आवाजात, काही न बदलता, "पर ते पोरगं नगं."

तेस्फायेला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यानं विचारलं, "पण पटलं ना तुमाला?"

"पटलं की."

"मग?"

किशनरावाला त्या 'मग'चा अर्थच लागला नाही. तो घरात गेला.

नाग दुपारपर्यंत आपल्या वाटेनं निघून गेला. तेस्फाये त्यानंतर त्या खोलीत थोडे दिवस राहिला. उंदीर कमी झाले होते, डबा शेतात गेला होता, झोप लागायला हरकत नव्हती. पण तो वाळत चालला. मी त्याच्या मागं लागलो होतो, साक्षीच्या पत्रकावर सही कर म्हणून. त्यानं नाही म्हटलं. "मी पाहुणा हाय मिलिंदा. पाहुण्याचं नोंदीचं पुस्तक पोलिसाकडं असतंय. सही केली की परत पाठवतील." मी म्हणालो, मग गप्प बसणार? तर म्हणाला, "मी बोलले की. सगळ्यांसमोर बोलले. तू बघितलंस काय झालं ते." आणि पुन्हा पुन्हा तेच एक, "मी शेतात कारण दाखवते, शेतकरी पेरणी बदलतो. हितं मी कारण दाखवलं. हो म्हणाले. अन् काय बदललं न्हाई. असलं मी कदी बघितलं न्हाई."

मी त्याला सांगितलं की आम्ही असलंच बघत आलोय.

पोळ्याच्या आसपास एका सकाळी तो हातगाड्यावर ट्रंक आणि बाज टाकून आमच्या वस्तीत आला. आत्याच्या घरामागं नाल्याकडंची एक खोली रिकामी होती. वस्तीत गलका झाला. आमच्या पोरांनी घोषणा द्यायचं ठरवलं, हार आणायचं ठरवलं. तेस्फाये वैतागला. "मी तुमच्यासाठी न्हाई आले," म्हणाला. "मला तिथं झोप येईना. पटलं पटलं म्हणतात अन् चहा देतात. मला तो चहा जाईना."

नाल्याकडंची ती खोली कापसाच्या खोलीपेक्षा वाईट होती. डासांचे ढग. भिंतीतनं घुशी. गयाबाईच्या ओसरीवर संध्याकाळी वारा असायचा, तो इथं नव्हता. तेस्फाये कुरकुर करायचा, आत्यावर खेकसायचा, मग वरमून तिला ज्वारी दळून आणून द्यायचा. आत्या म्हणायची, "लय उंच झाड हाय, पर वाऱ्याला लवतंय." त्यानं बाजेचे पाय डब्यांत ठेवले तेव्हा वस्ती हसली. दिवाळीपर्यंत निम्म्या वस्तीच्या बाजा डब्यांत उभ्या होत्या. पण डासांवर डबा चालत नाही. त्याला हिवताप झाला. थरथरत शेतावर जायचा, वाफ्यात बसायचा, पडायचा, उठायचा. त्याच्याबरोबरच्या विद्यार्थ्यांनी मोजणीला हात दिला आणि हंगाम कसाबसा पदरात पडला.

गयाबाई वस्तीत आली नाही. पण वस्तीच्या तोंडाशी जो रस्ता फुटतो तिथं बुधवारी आणि शुक्रवारी फडक्यात बांधून भाकरी आणि तेलातली भाजी आणायची, तूप न घातलेली. तेस्फाये तिथपर्यंत जायचा. ती त्याच्या कपाळाला हात लावून बघायची. एकदा मी त्याला धरून नेलं होतं. तिनं भाकरी त्याच्या हातात दिली, माझ्या नाही.

"घरी ये," ती त्याला म्हणाली.

"हा आला तर येते," तो म्हणाला.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती तशीच माघारी वळली.

अभ्यास संपवून तो मायदेशी परत गेला त्या दिवशी ऊन रणरणत होतं. परभणीच्या स्टेशनवर मनमाडकडची गाडी उशिरानं होती. तापानं त्याचे गाल आत गेलेले, सदरा अंगावर लोंबत होता. तो ट्रंकेवर बसला होता. त्याच्या एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला, जरा अंतर ठेवून, गयाबाई. ती एकटीच आली होती. किशनरावाला सांगून आली की न सांगता, मला माहीत नाही. तिच्या हातात पाण्यानं भरलेला पितळी तांब्या होता.

तेस्फाये एकदा तिला म्हणाला, "काकू, खोलीत आता कोण हाय?" ती म्हणाली, "कापूस." तो हसला. मी नाही.

गाडीचा धूर लांबून दिसला तेव्हा त्यानं गयाबाईकडं हात केला. तिनं तांब्या दिला. तो तोंड वर करून, तिनंच शिकवलं होतं तसं, वरून धार धरून पाणी प्यायला. निम्मं त्यानं ठेवलं. मग तांब्या माझ्यापुढं केला.

"पी. ऊन लय हाय."

त्याचा हात मागं जात नव्हता. मला कळलं तो काय करायलाय. डबा उघडला होता तसंच हे. मी गयाबाईकडं बघितलं. ती तांब्याकडं बघत होती. मी घेतला आणि प्यायलो, वरूनच, ओठ न लावता. गाडी आली. ट्रंक चढवण्याची घाई झाली. तो दारात जाऊन उभा राहिला आणि आमच्याकडं बघू लागला.

गाडी हलली तेव्हा तांब्या माझ्याच हातात होता. मी तो पुढं केला. "घ्या काकू."

ती माझ्याकडं बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि आवाजात इतकी माया होती की आजही मला ती आठवली की राग धड येत नाही. "र्‍हाऊ दे बाबा तुज्याकडंच," ती म्हणाली. "लय जुना हाय. चांगला हाय."

तेस्फायेनं ते ऐकलं. त्याच्या तोंडावर जे उमटलं ते मी त्याच्या त्या सगळ्या आजारी महिन्यांत पाहिलं नव्हतं. तो दाराच्या दांडीला धरून बाहेर झुकला, दात दिसतील असा हसला आणि ओरडला, "बघितलंस मिलिंदा? बघितलंस का?"

तिचे दोन्ही हात पदराखाली होते, घट्ट मुठी केलेले. ते मला दिसत होते, त्याला दारातून दिसत नव्हते. मी तांब्या वर धरला, त्याला दिसेल असा. तो हसत हात हलवत राहिला, सिग्नलच्या पलीकडं गाडी वळेपर्यंत.